सेकंदाला वीस ओळी

ओग्मुंडुर म्हणाला, दुसऱ्या-तिसऱ्यात घुटमळतो,
आत यावं की परत फिरावं
हे न ठरलेल्या पाहुण्यासारखा.
गिअरबद्दल बोलत होता.
जीप जुनी, अडतीस इंची टायरांवर चढवलेली,
पोटात भंगारातल्या ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स,
आणि त्याला अक्कल पुरवायला ग्लोव्हबॉक्सखाली
बिस्किटाच्या पुड्याएवढा कंट्रोलर.
मीच बसवलेला.
म्हणजे जे निघेल ते माझ्याच गळ्यात.

चाळीस वर्षं तो मासेमारीच्या बोटीवर इंजिनवाला.
सळईचं एक टोक दातांत, दुसरं बेअरिंगला,
आणि डोळे मिटून सांगायचा कोण कुरकुरतंय ते.
माझ्या लॅपटॉपकडे त्यानं पाहिलं
न आवडलेल्या जावयाकडे पाहावं तसं.

केबल जोडली. नोंद सुरू केली.
ब्ल्योन्डुओसचा पूल ओलांडून खिंडीच्या दिशेनं
आधी मी चालवली.
ऑक्टोबर सरत आलेला, मेंढ्या डोंगरावरून उतरलेल्या,
कुंपणांच्या तारांना नुसती लोकर.
एक, दोन, तीन, चार.
लोण्यातून सुरी.
तो शेजारी, हात मांड्यांखाली दाबून.
थंडी वाजत असेल.
"डॉक्टर दिसला की ताप उतरतो," तो म्हणाला.

परतताना त्यानं चालवली.
दोन. तीन. दोन. तीन. दोन.
जीपला उचकी लागलेली.

रात्री शटर ओढून
दोन्ही फायली एकीखाली एक उघडल्या.
तेलाचं तापमान अठ्ठ्याहत्तर, ठीक.
दाब हवा तेवढा.
आतला शाफ्ट, बाहेरचा शाफ्ट, कुठे घसरण नाही,
सोलेनॉइड सांगितलेलं ऐकतोय.
खोटं बोलणारं कुणी सापडेना.
मग थ्रॉटलचा रकाना.
माझ्या पायाची रेघ
रस्ता चढला तशी चढलेली.
त्याच्या पायाची
करवत.
सव्वीस टक्के, एकतीस, सव्वीस, एकतीस,
सेकंदाला पाच दाते,
आणि तिसरा गिअर नेमका त्यांच्या मधोमध टांगलेला.

वायर तपासली.
सेन्सर बदलला, डबीतला कोरा,
दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा चालवायला लावली.
तेच दाते.
रस्त्याचे धक्के म्हणावेत, तर खडी
इतकी शिस्तीत कधी वागत नाही.
मामाचा कॉफीचा कप बशीवर असाच वाजायचा,
शेवटची सात वर्षं.

कंट्रोलरमध्ये एक आकडा असतो,
थ्रॉटल किती गुळगुळीत करून वाचायचं त्याचा.
तो वाढवला
की बारीकसारीक थरथर यंत्राला दिसत नाही.
तीनचे बारा केले.
पुन्हा तीन.
पुन्हा बारा, आणि सेव्ह न करता
दिवा मालवून घरी गेले.

सकाळी तो आला.
ताकाला जाऊन भांडं किती लपवणार,
स्क्रीन त्याच्याकडे वळवली.
त्यानं चष्मा लावला. बोटीवरचा माणूस, घाई नाही.
"ही वरची कुणाची?"
"माझी."
खालची कुणाची, हे विचारलं नाही.
ओठ हलत होते, दाते मोजत होता.
"पाच," तो म्हणाला.
"रात्री अंथरुणात मोजतो मी. माझेही पाचच येतात."

बाहेर मासळीचा ट्रक मागे घेत होता कुणी,
त्याची पिपाणी बराच वेळ वाजत राहिली.

"म्हणजे गिअरबॉक्स चांगला आहे."
"उत्तम आहे."
"मी गावभर तुझ्या नावानं बोंबललो, स्टेनव्योर."
"ऐकलं मी."
सेन्सरचे पैसे त्यानं मोजून टेबलावर ठेवले,
त्यांच्यावर किल्ली.
"घरापर्यंत तू ने."

केबल काढायची राहून गेली.
त्या सकाळची फाईल आहे अजून माझ्याकडे,
बावीस मिनिटांची.
तापमान, दाब, वेग, एक सरळ रेघ.
शेजारच्या सीटला
रकाना नसतो.